पहिली गाडी घेताय? जाहिरातीतला आकडा आणि खिशातून जाणारा आकडा, स्टेप बाय स्टेप

गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा, यातलं काहीही जवळ आलं की पेपरचं पहिलं पान गाडीच्या जाहिरातीखाली गायब होतं. मोठ्ठ्या अक्षरात "५.९९ लाखांपासून", बाजूला गोलात "९०,००० पर्यंत फायदे", खाली "हप्ता फक्त ७,९९९" आणि प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी. पहिल्यांदा गाडी घेणारा माणूस हे तीन आकडे मनातल्या मनात जोडतो, सहा लाखातून नव्वद हजार गेले, आठ हजाराच्या आत हप्ता, अरे जमतंय की आपल्याला, आणि रविवारी घरच्यांना घेऊन शोरूमला पोचतो. तिथे गेल्यावर कळतं की हे तीन आकडे तीन वेगळ्या गाड्यांचे आहेत. ५.९९ बेस मॉडेलचे, नव्वद हजार गेल्या वर्षीच्या स्टॉकमधल्या टॉप मॉडेलवर आणि हप्ता सात वर्षांचा, तोही फक्त पहिल्या वर्षापुरता. यातला एकही आकडा खोटा नसतो, म्हणून तर भांडायला जागा राहत नाही.

खाली जे क्रमाने लिहिलंय ते त्याच क्रमाने करा. शोरूममध्ये पाय ठेवला की क्रम त्यांचा सुरू होतो, आधी टेस्ट ड्राइव्ह, मग कोल्ड कॉफी, मग "सर, महिन्याला किती बसेल तुम्हाला?", आणि या प्रश्नाचं उत्तर दिलंत की गाडीची किंमत हा विषयच संपतो.

स्टेप १: जाहिरातीचा फोटो काढा आणि झूम करून चांदणी वाचा

खरंच करा हे, पेपरमधली असो, होर्डिंग असो की इन्स्टावरची. बारीक अक्षरात साधारण हे सापडतं: किंमत एक्स-शोरूम दिल्ली (म्हणजे आरटीओचा टॅक्स आणि विमा न धरता, दिल्लीतली), चित्र केवळ प्रातिनिधिक, दाखवलेल्या ॲक्सेसरीज मूळ गाडीचा भाग नसू शकतात, ऑफर निवडक व्हेरियंटवर (म्हणजे त्याच मॉडेलच्या कमी-जास्त सोयींच्या काही प्रकारांवरच), स्टॉक असेपर्यंत, फायनान्स कंपनीच्या मर्जीवर. चित्रात सनरूफ, अलॉय व्हील, दोन रंगांची बॉडी असते आणि शेजारी जी किंमत असते त्या गाडीला साधे काळे व्हील कॅप पण कधीकधी नसतात.

फोटो ठेवायचं दुसरं कारण म्हणजे पुरावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढलेत. मुख्य दावा ज्या भाषेत आणि ज्या फॉन्टमध्ये आहे त्यातच खालची अट पण पाहिजे, आणि अटीने मुख्य दाव्याच्या उलट बोलायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे वर मराठीत "मोफत" आणि खाली इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरात "मोफत नाही", हे चालत नाही. आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींबद्दलही त्यात आहे, जाहिरात केलेल्या किमतीला माल विकायची आणि पुरेसा माल ठेवायची तयारी नसेल तर तशी जाहिरात करायची नाही. प्रत्यक्षात किती पाळलं जातं ते तुम्ही उद्याचा पेपर उघडून बघा.

स्टेप २: मॉडेल नाही, व्हेरियंट ठरवा

"मला अमुक गाडी घ्यायचीय" हे वाक्य शोरूमसाठी अर्धवट आहे. कंपनीच्या साइटवरून ब्रोशरची पीडीएफ उतरवा, शेवटच्या पानावर टिक आणि रेघांचा तक्ता असतो, तोच कामाचा, आधीची पंधरा पानं डोंगर आणि समुद्राची असतात. त्यात बघा की तुम्हाला हवं ते नेमकं कुठल्या व्हेरियंटपासून सुरू होतं. मागचा वायपर, रिव्हर्स कॅमेरा, ड्रायव्हर सीटची उंची, ऑटोमॅटिक. बऱ्याचदा तुम्हाला लागणारी गाडी "पासून"वाल्या किमतीपेक्षा दीड-दोन लाखांनी वर असते, आणि हे घरी कळलेलं बरं, कारण शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला नेहमी टॉप मॉडेलच देतात आणि एकदा त्या सीटवर बसलं की बेस मॉडेल रिक्षा वाटते.

सेफ्टीच्या ताऱ्यांचं पण असंच. भारत एनकॅप, म्हणजे गाडी आपटून सेफ्टी तपासायची आपली सरकारी टेस्ट, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं, ते ऐच्छिक आहे, आणि त्यात मोठ्यांसाठी वेगळे तारे आणि लहान मुलांसाठी वेगळे तारे मिळतात. जाहिरातीत जे जास्त असतील ते मोठे छापतात. अशीच टेस्ट करणाऱ्या परदेशी ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये टेस्ट कडक केली, त्याआधीचे पाच तारे आणि नंतरचे पाच तारे एकाच मापाचे नाहीत. त्यामुळे "फाइव्ह स्टार" ऐकलं की तीन गोष्टी विचारा, कुणी दिले, कुठल्या साली, आणि मी घेतोय त्या व्हेरियंटला लागू आहेत का.

स्टेप ३: ऑन-रोड किंमत ओळ-ओळ लिहून घ्या

ऑन-रोड म्हणजे टॅक्स, रजिस्ट्रेशन, विमा सगळं धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंतची किंमत. इथे सगळ्यात जास्त पैसे गळतात म्हणून जरा सावकाश वाचा.

समजा पेट्रोल गाडी, एक्स-शोरूम ९,००,०००, तुमच्या स्वतःच्या नावावर, महाराष्ट्रात. आपल्याकडे पेट्रोल गाडीला एकरकमी टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के असा आहे, डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. म्हणजे इथे ९९,००० टॅक्स. रजिस्ट्रेशन फी ६००, स्मार्ट कार्ड २००, लोन असेल तर बोजा चढवायचे १,५००. झालं. आता शोरूमच्या कोटेशनवर "आरटीओ" म्हणून एकच गोळा आकडा असतो, १,१२,००० वगैरे. फोड मागा. मग हळूच कळतं की त्यात एजंट खर्च, फाइल चार्ज असं काहीतरी मिसळलंय, आणि आता तर नवीन गाडी पासिंगला आरटीओत न्यावी पण लागत नाही, डीलरच पोर्टलवरून करतो. टॅक्स भरल्याची पावती निघतेच, ती मागायची, आणि कोटेशनच्या आकड्याशी ताडून बघायची.

नऊ लाख नव्याण्णव हजार ही किंमत एवढी का आवडते कंपन्यांना याचं एक कारण डोळ्याला बरं दिसतं हे आहेच, पण १० लाख ओलांडले की टॅक्सचा टप्पा बदलतो आणि वर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच गोळा केलेला इन्कम टॅक्स, लागतो. हा टीसीएस म्हणजे खर्च नव्हे बरं का, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून मिळतो. शोरूमवाला हे आपणहून सांगत नाही आणि बरेच जण ते दहा-पंधरा हजार तसेच सोडून देतात.

पुढे इन्शुरन्स. कायद्याने थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, २०१८ पासून. त्याचा दर सरकार ठरवतं, २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत ६,५२१, १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि त्यावर २४,५९६, अधिक जीएसटी. म्हणजे हा भाग सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि झिरो डेप (पार्टची झीज न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट वगैरे जोडण्यांमध्ये. "सर, इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल, कंपनीचा नियम आहे." असा नियम नाही. कुठलीही कंपनी निवडायचा हक्क तुमचा. बाहेरून त्याच आयडीव्हीचं (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), त्याच जोडण्यांचं कोटेशन काढा आणि समोर ठेवा, बहुतेक वेळा मॅनेजरला लगेच आतून जरा कमी रेट सापडतो. "बाहेरून घेतलंत तर कॅशलेस मिळणार नाही" असं घाबरवतात, तर तुम्ही ज्या विमा कंपनीकडून घेताय तिच्या यादीत ते वर्कशॉप आहे का एवढंच बघायचं. पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर दुसऱ्या पॉलिसीत आधीपासून असेल तर ते पण काढून टाकता येतं.

आता उरलेल्या ओळी. हँडलिंग चार्ज, लॉजिस्टिक चार्ज, डेपो चार्ज: गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेलाच असतो, परत द्यायचं कारण नाही, सरळ खोडा. नंबर प्लेटचे वेगळे पैसे: नव्या गाडीला एप्रिल २०१९ पासून हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीनेच द्यायची आहे, तेही खोडा. बेसिक किट: मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, डस्टबिन आणि एक परफ्युम मिळून पंचवीस हजार. हेच सगळं कुठल्याही ॲक्सेसरीजच्या गल्लीत निम्म्यात बसतं, आणि "किट कंपल्सरी आहे" म्हणाले तर कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाकून विचारतो म्हणा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच कंपल्सरीचं ऑप्शनल होतं. अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, सिरॅमिक, एक्सटेंडेड वॉरंटी, हे घ्यायचं असेल तर घ्या, वॉरंटी मी स्वतः घेईन, पण ते आधीच टिक करून तुमच्या समोर यायला नको.

कोटेशन डीलरच्या लेटरहेडवर किंवा त्यांच्या अधिकृत मेलवरून घ्या. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहिलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

स्टेप ४: "पर्यंत" हा शब्द मोडून बघा

"९०,००० पर्यंत फायदे" म्हणजे साधारण असं असतं: कॅश डिस्काउंट ३०,०००, एक्सचेंज बोनस २५,०००, जुनी गाडी भंगारात दिलीत तर १५,०००, कॉर्पोरेट १०,०००, लॉयल्टी १०,०००. आता एक्सचेंज आणि स्क्रॅप दोन्ही एकदम मिळत नाही, एकच जुनी गाडी दोनदा कशी देणार. लॉयल्टी त्याच कंपनीची गाडी आधीपासून असेल तर. कॉर्पोरेट त्यांच्या यादीतल्या कंपनीत नोकरी असेल तर. पहिली गाडी घेणाऱ्याच्या हातात यातले तीस हजार राहतात. म्हणून प्रश्न एकच विचारा, "माझ्याकडे जुनी गाडी नाही, मी यादीतल्या कंपनीत नाही, तर या व्हेरियंटवर बिलात किती कमी होणार?" बिलात, हे महत्त्वाचं. "वीस हजाराच्या ॲक्सेसरीज फ्री" म्हणजे त्यांच्या छापील दराच्या ॲक्सेसरीज.

एक्सचेंजमध्ये अजून एक गंमत असते, बोनस जाहिरातीएवढा देतात आणि जुन्या गाडीची किंमत तेवढीच पाडतात. जुन्या गाडीचा भाव बाहेर दोन ठिकाणी काढून मगच जा.

जीएसटीबद्दल पण सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के झाला, सेस गेला, किमती खरोखर उतरल्या. पण ती कपात एक्स-शोरूम किमतीत आलेली आहे. तरी काही जाहिरातींत टॅक्सची कपात आणि डीलरची सूट एकत्र करून "एकूण बचत" असा एकच गलेलठ्ठ आकडा छापतात, आणि लोक कमी झालेल्या किमतीतून तो परत वजा करतात.

"कंपनी डिस्काउंट द्यायला परवानगीच देत नाही" हे पण ऐकायला मिळेल. याच विषयावर ऑगस्ट २०२१ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने (बाजारातली स्पर्धा राखणारा सरकारी आयोग) मारुती सुझुकीला, डीलरांना ठरावीक मर्यादेपलीकडे सूट देण्यापासून रोखलं म्हणून २०० कोटींचा दंड लावला होता, कंपनीने त्याविरुद्ध अपील केलं. त्यामुळे घासाघीस करायला लाजू नका.

स्टेप ५: हप्ता नाही, एकूण किती जाणार ते विचारा

८ लाखांचं लोन, ९ टक्के. पाच वर्षांत हप्ता साधारण १६,६०७, एकूण व्याज १ लाख ९६ हजार. सात वर्षांत हप्ता १२,८७१, व्याज २ लाख ८१ हजार. जाहिरातीत नेहमी सात वर्षांचा हप्ता असतो. त्याहून कमी आकडा दिसला तर समजायचं की एकतर पहिल्या वर्षी कमी आणि नंतर वाढत जाणारा हप्ता आहे, नाहीतर शेवटी एक जाडजूड रक्कम एकदम भरायची आहे.

दुसरा जुना खेळ फ्लॅट रेटचा, म्हणजे कर्ज फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. "सर फक्त ६ टक्के!" ८ लाख, पाच वर्षं, ६ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज सरळ २ लाख ४० हजार, हप्ता १७,३३३. कमी होत जाणाऱ्या शिलकीवर मोजलं तर हाच दर जवळपास १०.८५ टक्के पडतो, म्हणजे बँकेच्या ९ टक्क्यांपेक्षा महाग. दर ऐकला की पुढचा प्रश्न, फ्लॅट का रिड्युसिंग?

झिरो टक्के व्याज असेल तर रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळतेय का ते बघा, बहुतेक वेळा व्याज तिथे लपलेलं असतं, नाहीतर प्रोसेसिंग फीमध्ये. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के ही संकल्पनाच अस्तित्वात नाही. आता आपल्या हातात एक चांगलं हत्यार आहे, १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन बँकांची ती पानं शेजारी ठेवा, सेल्सवाल्याचं बोलणं ऐकायची गरज उरत नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती दंड, ते पण तिथेच बघून घ्या.

स्टेप ६: ॲव्हरेज आणि रेंज

जाहिरातीतलं ॲव्हरेज म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेने लॅबमध्ये, रोलरवर, एसी बंद ठेवून, ९० च्या वर वेग न नेता मोजलेलं. गाड्या एकमेकींशी तुलना करायला ठीक, पण तुमचा रोजचा चाकणचा ट्रॅफिक त्यात नाही. मी सरळ पाव भाग कापून हिशोब करतो. इलेक्ट्रिकच्या रेंजलाही तेच, वर बॅटरी शंभरपासून शून्यापर्यंत कुणी नेत नाही ते वेगळंच.

इलेक्ट्रिकमध्ये बॅटरी भाड्याने द्यायची नवी पद्धत आलीय. एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर आणली तेव्हा ९.९९ लाख अधिक बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये असं जाहीर केलं आणि बॅटरीसकट किंमत १३.५० लाखांपासून. यात लपवालपवी नव्हती, पण लोकांच्या डोक्यात ९.९९ एवढंच राहिलं. महिन्याला १,००० किलोमीटर चालवलं तर साडेतीन हजार बॅटरीचे, चार्जिंग वेगळं. अशा जाहिरातीत स्वतःच्या रनिंगने गुणाकार करून बघा, कमी रनिंगवाल्याला फायद्याचं पण ठरू शकतं.

स्टेप ७: घाईला उत्तर

"आज संध्याकाळपर्यंतच रेट आहे", "शेवटचा पांढरा पीस", "एक तारखेपासून वाढणार". किमती जानेवारीत खरंच वाढतात बऱ्याचदा, पण मग ते लेखी द्यायला काय हरकत आहे? "बुकिंग करतो, बिल आजच्या भावाने लागेल असं पावतीवर लिहून द्या," एवढं म्हणा आणि चेहरा बघा. बहुतेक ठिकाणी डिलिव्हरीच्या दिवशी जो भाव असेल तो लागतो आणि तशी ओळ बुकिंग फॉर्मच्या मागे असते. बुकिंग रद्द केलं तर किती कापणार, किती दिवसांत परत, ते वाचूनच सही. पैसे फक्त डीलरशिपच्या खात्यावर, सेल्सवाल्याच्या पर्सनल यूपीआयवर एक रुपया पण नाही, कितीही गोड मुलगा असला तरी.

स्टेप ८: पासिंगच्या आधी गाडी डोळ्याने बघा

मुहूर्ताच्या नादात लोक इथे घसरतात. पाडव्याला सकाळी गाडी हवी म्हणून आदल्या आठवड्यात पूर्ण पैसे भरतात आणि पासिंग झालेली गाडी थेट हार घातलेलीच बघतात. चासी नंबर आधी मागा, गाडी यार्डात जाऊन दिवसा उजेडी बघा, किलोमीटर किती, रंगाचा टचअप, आणि टायरवरचा चार आकडी कोड, ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. फॉर्म २१ वर, म्हणजे डीलर देतो त्या विक्रीच्या दाखल्यावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. डिसेंबरच्या मोठ्या डिस्काउंटमध्ये बऱ्याचदा वर्षाच्या सुरुवातीला बनलेली गाडी असते, घ्यायला हरकत नाही, पण पाच वर्षांनी विकताना उत्पादनाचं वर्ष मोजतात, त्यामुळे सूट तेवढी तगडी पाहिजे.

स्टेप ९: तरीही फसलात तर

आधी डीलर आणि कंपनी दोघांना मेल, फोनवर भांडू नका. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, इथे मराठीतही बोलता येतं आणि बरीच हँडलिंग चार्जसारखी प्रकरणं इथेच मिटतात. जाहिरातच दिशाभूल करणारी असेल तर एएससीआयकडे (जाहिरात क्षेत्राची स्वतःचीच नियमन संस्था) ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. आणि स्टेप १ मधलं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, परत केलं तर ५० लाखांपर्यंत दंड लावू शकतं. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही तक्रार कशी लिहायची ते सांगतात.

स्वतःचे पैसे परत हवे असतील तर मात्र जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतची खरेदी तिथे चालते, फी ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. केस तुम्ही राहता त्या जिल्ह्यात टाकता येते, शोरूम ठाण्यात आणि तुम्ही साताऱ्याला असलात तरी, वकील नसला तरी चालतं. मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे कोटेशन, बिल, टॅक्सची पावती, व्हॉट्सॲप चॅट आणि पहिल्या स्टेपला काढलेला जाहिरातीचा फोटो हे सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि फोन बदलताना ते उडणार नाही एवढं बघा.